राजूर नावाचा कंपोनंट

जान्हवीची कार्डं तिसऱ्यांदा गायब झाली, तेव्हा तिची खात्रीच पटली की हे काम निखिलदादाचंच.

जालन्यात रजनीताईंच्या ऑफिसात ती वेबसाइट बनवायला लागून चारेक महिने झाले होते. तिला कायम करायचं की नाही, हे रजनीताई शुक्रवारी ठरवणार होत्या, बियाण्याच्या कंपनीची साइट पाहून. त्या साइटवर कपाशीच्या प्रत्येक वाणाचं एक कार्ड होतं, त्यात फोटो, नाव आणि पेरणीचा काळ. असा तुकडा एकदाच लिहायचा, त्याला नाव द्यायचं आणि हव्या त्या पानावर त्या नावानं बोलवायचा. त्याला कंपोनंट म्हणतात, हेही तिला ऑफिसातल्या जुन्या निखिलदादानंच शिकवलेलं. मेन फाइलमध्ये एकदा नाव नोंदवलं की सगळ्या पानांवर चालतं, असं तो सांगायचा आणि स्वतःही तसंच करायचा.

तिच्या लॅपटॉपवर कार्डं झकास दिसायची. दोघांचं काम एकत्र केलं, की कपाशीच्या जागी निखिलदादाची चौकट येऊन बसायची, डीलरच्या पत्त्यांची. खाली पिवळ्या सूचनांचा ढीग पडायचा, पण तो रोजचाच. तो कोण वाचत बसतंय?

संशय शिरल्यावर तिला त्याचं सगळंच वाकडं दिसू लागलं. हा इतका गोड का बोलतो? डब्यातली शेंगदाण्याची चटणी रोज पुढे का करतो? नवी पोरगी कायम झाली तर याचा भाव उतरेल, दुसरं काय! चहाला जाताना तो स्क्रीन उघडीच टाकून जायचा. एकदा ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली आणि त्यानं केलेले सगळे बदल भराभर चाळले. तिच्या फाइलला त्यानं हात लावल्याची कुठेच नोंद नव्हती. दुसरं कुणी असतं तर मनातल्या मनात ओशाळलं असतं. जान्हवीला वाटलं, भलताच पोहोचलेला आहे, मागसुद्धा ठेवत नाही.

गुरुवारी ती रजनीताईंकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली, त्याची स्क्रीन तपासल्याचंही. ताईंनी निखिललाच आत बोलावलं आणि ऐकलेलं जसंच्या तसं त्याच्यापुढे ठेवलं. याचा तिनं विचारच केला नव्हता. पण आता माघार कशी घेणार?

निखिलचा चेहरा पडला.

"मी तुझ्या फाइलला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "कशाला लावू? तुला इथं घ्या म्हणून ताईंना मीच सांगितल्तं."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रजनीताईंनी आधी पिवळ्या सूचना वाचल्या, मग मेन फाइल उघडली. दोन कंपोनंट, दोघांचे वेगवेगळे, आणि नाव मात्र एकच, राजूर. एकाच नावानं दोन नोंदवले की शेवटचा तेवढा चालतो, पहिला झाकला जातो. निखिलची नोंद खाली होती.

राजूरच का, असं ताईंनी विचारलं. जान्हवीनं मान खाली घालून सांगितलं, पहिलं स्वतंत्र काम मिळालं तेव्हा आई तिला परतूरहून राजूरच्या गणपतीला घेऊन गेली होती. सुरुवात त्याच्याच नावानं कर, असं बजावलं होतं. लोक हसतील म्हणून ती कुठे बोलली नाही. निखिलही लाजला. नव्या साइटचं पहिलं नाव तोही हेच ठेवायचा, आणि तोही गुपचूप.

ताई हसल्या. नाव गावभर नोंदवायची हौस सोडा, म्हणाल्या, ज्या पानाला कार्ड लागतं त्याच पानात ते घ्यायचं. तूर्त निखिलनं मुकाट्यानं आपल्या चौकटीचं नाव बदललं आणि कपाशी जागेवर आली. शुक्रवारी कंपनीला साइट पसंत पडली. जान्हवी कायम झाली.

सोमवारी तिनं पेढे आणले आणि पहिला निखिलदादापुढे धरला. माफीचे शब्द ती वाटेत पाठ करून आली होती.

"दादा, माझं चुकलं."

"राहू दे. काम बराबर झालं ना, मंग झालं." त्यानं पेढा घेतला, हसलासुद्धा. जान्हवीला हायसं वाटलं.

चहाची वेळ झाली. निखिलदादा उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि स्क्रीन लॉक करून चहाला गेला.