आडनाव कापलेली पाटी

मला राग लवकर येतो आणि लवकर जात नाही, हे आमच्या बँकेत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे शेजारच्या टेबलावरची शर्मिला जेव्हा म्हणाली, "चल गं प्रियदर्शनी, वारज्यात जुन्या इंटरनेटचं प्रदर्शन भरलंय, मजा येईल," तेव्हा तिनं जरा विचार करायला हवा होता.

एका कॅफेच्या गच्चीवर सगळं मांडलं होतं. गुड मॉर्निंगचे चमचमणारे गुलाब. 'दहा जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी येईल' छापाच्या ईमेल. ब्लूटूथवरून या फोनातून त्या फोनात गेलेले धुरकट व्हिडिओ: वरातीत नाचता नाचता मांडवाचा खांब घेऊन आडवा झालेला कुणाचा तरी मामा, गॅदरिंगमध्ये भाषण विसरून भोकाड पसरलेला मुलगा. पंचविशीतली पोरं "काय निरागस दिवस होते यार" करत फिरत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मग भिंतभर मोठी करून लावलेली पाटी दिसली.

'आडनाव वाचून झाले असेल तर बेल वाजवा. नसेल तर पुन्हा वाचा. घाई नाही.'

खाली चिठ्ठी: 'अस्सल पुणेरी पाटी. सदाशिव पेठेतले कुणी खवचट आजोबा. साधारण २००५.' शेजारी खरीखुरी बेल बसवलेली. लोक रांग लावून ती दाबत होते आणि सेल्फी काढत होते. तीच ओळ छापलेले कपही ठेवले होते.

"अय्या, ही तर क्लासिक!" शर्मिला म्हणाली. "आडनाव वाचा म्हणे, आणि आडनावाचा पत्ताच नाही. असली माणसं पुण्यातच!"

"ही माझ्या बाबांची पाटी आहे," मी म्हणाले. "आणि पत्ता बिबवेवाडीचा आहे."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

माझे बाबा रामदास ओव्हाळ, सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. बिबवेवाडीत घर घेतलं तेव्हा मी नुकत्याच गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या. चौकशीला पालक यायचे. दारावर बाबांचं नाव वाचायचे, आणि बेलकडे गेलेला हात तसाच खाली यायचा. आम्हाला खिडकीतून सगळं दिसायचं. जे आत यायचे ते आधी विचारायचे, "ओव्हाळ म्हणजे मूळचे कुठले हो?" मग त्यांना अचानक काहीतरी काम आठवायचं आणि आईनं दिलेलं पाणी तसंच राहायचं. एकदा एक बाई पोराला दारातूनच ओढत घेऊन गेल्या. पोरगं ओरडत होतं, "आई, हेच घर आहे!" त्या संध्याकाळी बाबांनी नावाखाली त्या ओळी रंगवून घेतल्या. तेव्हा घरात कुणी हसलं नव्हतं.

कुणीतरी येताजाता फोटो काढला, वरचं नाव कापलं आणि ईमेलवर सोडून दिला. फिरत फिरत तो बाबांच्याच ऑफिसात पोचला. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावला, सगळे पोट धरून हसले. बाबा म्हणाले, "अहो, ही माझी पाटी." त्यावर एकजण म्हणाला, "काय ओव्हाळ, तुमच्यात कधीपासून पाट्या लावायला लागले?" बाबा घरी येऊन जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

आणि इथं त्याचे कप विकायला ठेवले होते.

प्रदर्शन भरवणारा सौरभ नावाचा मुलगा. दाढी नीट कोरलेली, वागायला गोड. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "ती चिठ्ठी काढा. माझ्या बाबांचं नाव लावा."

"मॅडम, तुमच्या फीलिंग्ज समजतात मला. पण आता ते सगळ्यांचं झालंय ना. लोकांच्या आठवणी आहेत त्यात."

"आठवणी लोकांच्या, आणि माणूस कापून टाकायचा?"

"तसं नाही हो." त्यानं आवाज खाली आणला, जणू माझ्या भल्याचंच सांगत होता. "खरं सांगू? नाव असतं ना, तर ती कुणी फॉरवर्डच केली नसती. जरा सीरियस वाटलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं खरं बोलला तो, आणि त्याला स्वतःलाच कळलं नाही! मी एवढ्या मोठ्यानं बोलले की बेलची रांग थांबली. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शर्मिलानं मला दंडाला धरून खाली आणलं. निरागस दिवस म्हणे! कुणाचे?

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, सोड गं, जुनं झालं. पंच्याहत्तरी उलटलीय आता. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर आण."

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा त्या गच्चीवर. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. बाबा भिंतीसमोर उभे राहिले. एक जोडपं बेल वाजवून खिदळत होतं, त्यांचं होईपर्यंत थांबले.

सौरभनं मला ओळखलं आणि धावतच आला. कालचं विसरायची तयारी होती बिचाऱ्याची. "म्हणजे काका, तुम्हीच ते! कसलं भारी! एक व्हिडिओ करूया ना तुमच्यावर. काका, तुम्ही मूळचे कुठले?"

वाईट हेतूनं नाही विचारलं त्यानं. सवयीनं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. पिशवीतून पाटी काढली. रंग उडालेला, चारी कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. ती त्यांनी सौरभच्या समोर धरली.

"वाचा. मोठ्यानं."

आजूबाजूचे फोन वर झाले. सौरभ हसत हसत वाचायला लागला, "आडनाव वाचून झाले असेल तर..."

बाबांनी बोट पाटीच्या वरच्या ओळीवर ठेवलं. तिथं 'रामदास ओव्हाळ' लिहिलेलं होतं.

"पुन्हा वाचा," बाबा म्हणाले. "घाई नाही."