तांबटाघरचं सार

वैद्य दीनानाथांनी अफूची गोळी मधात उगाळायला घेतली आणि तेवढ्यात दिगंबर पुन्हा ओकला. घंगाळात हिरवट पाणी पडलं. ते पाहून वैद्यांनी सहाण बाजूला सरकवली.

“काल काय खाल्लं यानं?”

“आम्ही खाल्लं तेच. वरणभात,” मुलाची आई सगुणाबाई म्हणाली. सकाळपासून जुलाबाची फडकी धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती.

“वरणभात असा हिरवा होत नाही, वहिनी.” दीनानाथ कसब्यात फटकळ म्हणूनच ओळखले जात. “ही पटकी असेल तर अफूनं आवरेल. पण पोटात काही विषारी गेलं असेल, तर अफू ते आतच कोंडेल आणि पोर हाती लागणार नाही. कळल्याशिवाय मी गोळी देत नाही. काय खाल्लंस रे?”

दिगंबरनं पोट आवळून धरलं होतं. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या वडिलांकडे, विश्वनाथभटांकडे, पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

कसब्यात सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. गेल्याच महिन्यात, तांबटाघरी जेवला म्हणून एका तरुण भिक्षुकाला त्यांनी भर पंगतीतून उठवलं होतं. दिगंबर शेजारच्याच पाटावर होता. यंदा मुंज झालेली, पोराला सगळं कळत होतं. ज्या ब्रह्मसभेनं त्या भिक्षुकाला वाळीत टाकलं, तिच्यात दीनानाथही बसत.

“सांग ना रे,” सगुणाबाई रडकुंडीला आली.

मुलानं भिंतीकडे तोंड फिरवलं. कळ आली तसा तो कण्हला. मरणापेक्षा याला आपली धास्ती जास्त आहे, हे विश्वनाथभटांना तेव्हा उमगलं. पलीकडच्या तुळजाबाई तांबटणीच्या मुलांत तो खेळायला जातो, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते सोवळ्यानिशी त्या घाणीत खाली बसले.

“दिगू, मीसुद्धा जेवलोय तुळजाबाईंकडे.”

सगुणाबाईचा हात थांबला. त्या घरच्या पाण्यालाही हा माणूस कधी शिवला नव्हता. वैद्यांनी मान वर केली.

“तुम्ही?” दिगंबर पुटपुटला.

“हो. तुला काय दिलं त्यांनी?”

“सार. चिंचेचं. नव्या पातेल्यातलं.”

“कल्हई न केलेलं तांबं आणि त्यात चिंच,” वैद्य म्हणाले. “कळकून विषच होणार त्याचं. वहिनी, दूध-तूप आणा. घोटघोट पाजू.” गोळी त्यांनी बटव्यात परत टाकली.

उन्हं कलल्यावर ओकारी थांबली. नाडी पुन्हा एकदा पाहून दीनानाथ उठले.

“भटजी, सभेत विषय निघाला तर मी काय सांगू?”

“ऐकलंत तेच.”

वैद्य पागोटं घालून बाहेर पडले.

दिगंबरनं डोळे उघडले. “आप्पा, तुमच्या सारात गूळ घातला होता का त्यांनी?”

विश्वनाथभटांनी त्याच्या कपाळावरचा घाम उपरण्यानं टिपला.

“होता,” ते म्हणाले. “बराच होता.”