गिटारची जवारी

गल्लीतले लोक त्या वृद्ध गिटारकाराला कानसेन म्हणत, आणि त्या नावात थट्टा पाव भाग असली तर आदर पाऊण भाग होता. पन्नास वर्षे त्यांनी गिटारी घडवल्या. परंतु त्यांची कीर्ती घडवण्याहूनही ऐकण्याची होती. समोरच्या घड्याळजीच्या दुकानात कुणी गिटार छेडली, तर हे आपल्या बाकावरून मान न उचलता सांगत, "तिसरी तार, पाचवा पडदा. खरखरतेय." आणि ते खरे निघे. तारेने वाटेत कशालाही स्पर्श न करता स्वच्छ बोलावे, एवढाच त्यांचा धर्म. खरखरीला ते 'चोर' म्हणत आणि चोर सापडेपर्यंत जेवायला उठत नसत. त्यांची पत्नी हयात होती तोवर म्हणे, "या घरात माझ्यापेक्षा त्या चोराचीच सरबराई जास्त."

मुलीने त्यांच्याच हाताखाली ही विद्या घेतली. दोन वर्षांपूर्वी वडिलांची दृष्टी मंदावली, हातांना कंप सुटला, आणि कार्यशाळेच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत, लाकडाचा वास घेत, आणि कुणी विचारलेच तर सल्ला देत. हल्ली फारसे कुणी विचारत नसे.

पाच महिन्यांपूर्वी एक सतारवादक बाई काठी टेकत दुकानात आल्या होत्या. त्या वेळी वडील घरात झोपले होते.

"माझा खुबा बदललाय," बाई म्हणाल्या. "जमिनीवर मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. सतार खुर्चीवर नीट बसत नाही आणि मी खाली बसू शकत नाही. दोन वर्षं झाली, आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडं बघतोय. गिटारच्या अंगात सतारीचा गळा घालता येईल का हो?"

"प्रयत्न करते," मुलगी म्हणाली.

"करा. जमलं तर माझं वाजवणं टिकलं. नाही जमलं, तर सतार शिष्येला देऊन टाकीन. रोज उठून तिच्यावरची धूळ पुसणं आता सोसत नाही."

मुलीने होकार तर दिला. पण त्या होकाराचा अर्थ तिला पुढे उमगला. गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात, ती घोडी अरुंद असते. तार तिच्या धारेवरून सुटते आणि निर्मळ बोलते. सतारीची घोडी मात्र रुंद असते आणि तिची पाठ अगदी हलक्या उताराची. थरथरणारी तार त्या पाठीला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून तो झंकार जन्माला येतो. त्या घडणीला जवारी म्हणतात. म्हणजे वडिलांनी ज्याला पन्नास वर्षे हाकलले, त्यालाच आता पाट मांडून बसवायचे होते.

तिने वडिलांना हे सांगितले नाही. एका गिऱ्हाइकाला त्यांनी पूर्वी तिच्यादेखत सुनावले होते, "कण्हणारं वाद्य हवं असेल तर दुसरं दुकान बघा." म्हणून तिने एवढेच सांगितले, की एका बाईंना जास्त तारांची गिटार हवी आहे.

तिने गळा रुंद केला, म्हणजे तार ओढून मींड घेता येईल. पडदे उंच आणि कमानदार बसवले. खालून अकरा बारीक तरफा ओढल्या, वरच्या तारेबरोबर आपसूक गुंजणाऱ्या. हे सारे हिशेबाने जमले. घोडी मात्र हिशेबाला दाद देईना. तिच्यासाठी आणलेले हाडाचे चार तुकडे वाया गेले. पाचवा घासताना, एका मंगळवारी, तार अचानक झंकारली. तिने कानस खाली ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. कोणत्या घासण्याने ते साधले, हे तिचे तिलाही कळले नव्हते. बाई शुक्रवारी येणार होत्या.

बुधवारी सकाळी ती राखीव तारा आणायला बाजारात गेली. परतली तेव्हा वडील बाकापाशी उभे होते. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी कामाचा अंगरखा चढवला होता, आणि त्याच्या बाहीवर हाडाची पांढरी भुकटी होती.

"ये, ये! अगं वेडे, एवढं सुरेख काम केलंस आणि घोडीवर चोर बसवून ठेवलास? परवा बाई येणार. नाव कुणाचं गेलं असतं? हे घे, ऐक."

त्यांनी तार छेडली. विहिरीच्या तळाशी थेंब पडावा तसा एकच नितळ स्वर उमटला आणि विझला.

"आणि गंमत सांगू? हात कानसेवर टेकला की थरथरत नाही. मला वाटलं होतं, गेला हा हात. पण आहे अजून."

त्यांचा चेहरा उजळला होता. "चहा टाकते," एवढे म्हणून ती आत गेली.

शेगडीपुढे ती उभी राहिली. रागवायचे कुणावर? ज्या खोडीने या घराला नाव दिले, तीच आज वाद्याच्या मुळावर आली होती. आणि तिनेच ते गुपित ठेवून खोडीला मोकळे रान दिले होते. न सांगता निभावून न्यावे, बाईंना आणखी मुदत मागावी, असे तिने मनाशी ठरवले. एवढ्यात दारातून आवाज आला.

"पाणी आटलं. मघापासून पातेलं कोरडं वाजतंय. काय झालंय?"

त्या कानांपुढे काय लपणार? तिने सारे सांगितले. बाईंचा खुबा, सतारीवरची धूळ, चार वाया गेलेले तुकडे, मंगळवारचा तो झंकार. वडील दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिले. मग त्यांनी बाहीवरची भुकटी झटकली. बराच वेळ झटकतच राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असतात."

"हसलो असतो. रागावलोही असतो. आणि दोन दिवसांनी विचारलं असतं, कुठवर आलं म्हणून." ते बाकाकडे वळले. "दुसरं हाड आहे?"

"एकच तुकडा उरलाय. पण बाबा, ते कसं जमलं, हे मलाच माहीत नाही."

"मला माहीत आहे. मीच तर सकाळी त्याला शोधून काढलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. अगं, पन्नास वर्षं पाठलाग करणाऱ्या शिपायाला त्या जास्त ठाऊक असतात! तार मागच्या कडेला निजलेली होती. तिथून तांदळाच्या दाण्याएवढी वाट ती पाठीला लागून जात होती, मग अलगद सुटत होती. कानस घे. डोळे आणि हात तुझे, कान माझे."

त्या दुपारपासून बापलेक एकाच बाकावर बसले. ती कानस एकदा फिरवी, घोडी जागेवर ठेवी, तार चढवी, छेडी. ते डोळे मिटून ऐकत.

"अजून नाही. घास."

"आता?"

"दाराशी आलाय, पण उंबरा ओलांडत नाही. एरवी हाकलला तरी जात नाही मेला, आज आमंत्रण दिलं तर भाव खातोय!"

ती हसली, आणि हसताना हात हलू नये म्हणून कानस आधी खाली ठेवली. गुरुवारी दिवस कलता कलता तार झंकारली. खालच्या तरफा एकामागून एक जाग्या झाल्या. वडिलांनी डोळे उघडले. दाराशी जावई उभा दिसावा तशा स्वरात ते म्हणाले, "आले. बसा म्हणावं."

शुक्रवारी बाई आल्या. काठी भिंतीला टेकवून खुर्चीवर बसल्या, गिटार मांडीवर घेतली. पहिला स्वर छेडला; तार ओढत पाच स्वरांपर्यंत नेली आणि तितक्याच सावकाश परत आणली. चेहऱ्यावर काही दिसेना.

"सतार आहे," त्या अखेर म्हणाल्या. "पण माझी नाही. हिचा आवाज फार उघडा आहे. माझी थोडी मिटून बोलायची."

मुलीने खण उघडून पाहिला. हाड आणखी नव्हते.

"पुढच्या कडेचा उतार वाढवायला हवा," वडील म्हणाले. "केसभर." आणि त्यांनी हात पुढे केला.

याच हाताने बुधवारी घात केला होता. तिने त्यांच्या थरथरत्या बोटांकडे पाहिले आणि कानस त्यांच्या हातात ठेवली. ती हाडावर टेकताच कंप थांबला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला कानस उचलली गेली आणि हवेतच थबकली. चोराला घराबाहेर काढायला आणखी दोनचार हातच पुरले असते. पन्नास वर्षांची सवय त्या मनगटात जोर करीत होती, हे तिला दिसत होते. वडिलांनी कानस बाजूला ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला, जणू ती आपण होऊन उठेल.

मुलीने तार चढवली. बाईंनी छेडली. स्वर आता जरा खोलातून आला, मागे तरफांचे मंद गुंजन ठेवून. बाईंनी डोळे मिटले. मग त्या खोलीत दुसरे कुणी आहे, याचे भान त्यांना उरले नाही. खिडकीतले ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सरकले. समोरचा घड्याळजी दुकान उघडे टाकून दारात येऊन उभा राहिला.

वाजवणे थांबल्यावर बाईंनी गिटार खाली ठेवली नाही. तिच्या अंगावर हात ठेवून त्यांनी विचारले, "ही जवारी कुणाच्या हातची?"

"बाबांच्या," मुलगी म्हणाली.

"माझ्या?" वडील म्हणाले. कानसेवरचा तळहात त्यांनी अजून उचलला नव्हता. "मी काही केलं नाही हो. जन्मात पहिल्यांदा थांबलो, एवढंच."