बाबांचा लग्नातला कोट

ते साल एकोणीसशे सत्तावन्न. आमच्या नेब्रास्कातल्या गावात जून लागला होता, आणि माझा थोरला भाऊ एमिल नुकताच शाळेतून सुटला होता.

एमिल बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधली, बेसांमधली, जागा राखायचा. तिथे चेंडू बिथरलेल्या सशासारखा येतो. एमिल तो खुराड्यातलं अंडं उचलावं तसा अलगद उचलायचा आणि पहिल्या तळावर फेकून मोकळा व्हायचा. त्याला बघायला वेंडेल पर्डी येऊन गेले होते. ते एका मोठ्या संघासाठी पोरं पारखत गावोगाव हिंडायचे. रविवारी दुपारी जेवायला येतो, असा त्यांचा निरोप आला. ते हो म्हणाले, तर एमिल खेळायला जाणार होता. नाही म्हणाले, तर सोमवारी ओमाहाच्या कत्तलखान्यात कामाला. ती जागा तो एकदा बघून आला होता आणि त्या दिवशी जेवला नव्हता.

पारखी जेवायला येतो तो जेवणासाठी नाही, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. तो आईबापांना बघायला येतो. वासरू पुढे कसं निघेल ते गाय-बैल बघून कळतं, तसंच. आदल्या वर्षी आमच्या शेजारच्या डेलकडे असाच एक पारखी आला होता. डेल चेंडू टाकणारा. पारख्याने त्याच्या बुटक्या बापाकडे पाहिलं, कॉफी संपवली आणि गेला.

आमचे बाबा उंचीने आईच्या कानापर्यंतच यायचे.

रविवारी चर्चमधून आल्यावर तेच म्हणाले, "मी समोर नसलेलाच बरा. बोहूशला माझ्या खुर्चीत बसवा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" आई म्हणाली.

"डेलचं काय झालं ते पाहिलंस ना?"

बोहूश आतोबा, म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, दारातून वाकून आत यायचे, आणि दार थोडं रुंद असतं तरी बरं झालं असतं. ते मिशीतून हसले. "जेवणाच्या वेळेला बाप व्हायला आपली कधीच ना नसते."

"मी खोटं बोलणार नाही," एमिल म्हणाला.

"तुला बोलायला कोण सांगतंय? तू नुसता जेव," असं म्हणून बाबा मागच्या दाराने कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेले. जाताना त्यांनी आपली टोपीसुद्धा खुंटीवरून काढून नेली. लहान दिसेल म्हणून.

पर्डीसाहेब आले. उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. आईने भाजलेलं डुक्कर, आंबवलेला कोबी आणि वाफवलेल्या पिठाचे गोळे वाढले. साहेबांची नजर ताटात कमी आणि आतोबांवर जास्त. मानेवर, मनगटांवर, पट्ट्यावर. आई मला टेबलाखालून पायाने ढोसत होती, म्हणजे काम होतंय.

"तुम्ही एमिलच्या वयाचे असताना अंगाने कसे होता?" साहेबांनी विचारलं.

आतोबांना वाटलं, आता पोराचं भलं करायची वेळ आली. "अहो, अगदी असाच काडी! वाऱ्याने उडेन म्हणून आई खिशात दगड भरायची. मग लग्न झालं, आणि दोन वर्षांत हे बघा!" त्यांनी पोटावर थाप मारली. तिचा आवाज घरभर घुमला.

साहेबांनी काटा खाली ठेवला.

"बाई, जेवण फार छान झालं. पण मी स्पष्टच बोलतो. आमच्या शॉर्टस्टॉपचे गुडघे आणखी चार वर्षं टिकतील. त्याच्यामागे येणारा पोरगा मला आज हवाय, पण तो चपळच राहायला हवा. तुमच्या मुलासारखे हात मी या राज्यात पाहिले नाहीत. पण हा असा भरला, तर त्याला पहिल्या तळावर, जिथे फारसं पळावं लागत नाही, तिथे उभा करावा लागेल, आणि तिथे उभे राहणारे आमच्याकडे पोत्याने पडलेत."

आईचा पाय माझ्या पायावर तसाच थांबला. आतोबा पोट आत ओढायला लागले. जणू आता उपयोग होता.

एमिल उठून बाहेर गेला. साहेबांनी हॅट हातात घेतली, आणि तेवढ्यात एमिल बाबांना मनगटाला धरून घेऊन आला. बाबांच्या गुडघ्यांना पेंढा, खांद्यावर पिसं.

"पर्डीसाहेब, हे माझे बाबा."

"मग हे कोण?"

"माझ्या बहिणीचे यजमान," बाबा मान खाली घालून म्हणाले. "कल्पना माझीच होती. मी असा एवढासा, आणि शेजारच्या डेलचं बापाच्या उंचीमुळेच हुकलं, म्हणून..."

"म्हणजे रक्ताचं नातं नाही?"

"थेंबभरही नाही."

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की आतोबा दुखावले. "का हो? माझ्या रक्तात काय वाईट आहे?"

साहेब बाबांभोवती एक फेरी मारून आले. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकवीस."

"लग्नातला कोट आहे?"

आई पेटीकडे धावली. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बाबांनी तो पिसांसकट शर्टावर चढवला आणि खालून वर एकेक बटण लावलं. सगळी लागली. साहेबांनी कोट आणि पोट यांच्यामध्ये हात घातला. हात सहज फिरला.

"डेलला चेंडू टाकायचा होता, त्याला उंची लागते," ते म्हणाले. "मला असाच बाप हवा होता. बाई, ते पिठाचे गोळे आणखी आहेत का?" आणि हॅट ठेवून ते पुन्हा जेवायला बसले. आई ओट्याकडे तोंड करून हसली की रडली, मला दिसलं नाही. बाबा कोट न काढताच स्वतःच्या खुर्चीत बसले. आतोबांना बाक मिळाला.

एमिल सात वर्षं खेळला. त्यातले दीड उन्हाळे मोठ्या संघात. मग खांदा गेला, तो परत आला आणि गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवू लागला. कत्तलखान्यात कामाला तो त्या सोमवारीही गेला नाही आणि नंतरही कधी नाही. गेल्या वर्षी वारला, शेवटपर्यंत काडी. पर्डीसाहेब म्हातारपणी टेक्सासला लेकीकडे गेले. आईला नाताळात त्यांचं कार्ड यायचं, त्यात गोळ्यांची आठवण असायची. बोहूश आतोबा प्रत्येक लग्नात सांगायचे, की मोठ्या संघाने त्यांना पारखून नाकारलं होतं. डेलने पेट्रोल पंप काढला आणि तो चांगला चालला.

बाबा मात्र एमिल खेळत होता तोवर दर वसंतात पेटीतून कोट काढून घालून बघायचे. बटणं लागली की म्हणायचे, "पोरगा ठीक आहे." जेवताना दुसरा गोळा कधी घ्यायचे नाहीत. एमिल सामान घेऊन कायमचा घरी आला त्या रात्री आईने सवयीने भांडं पुढे नेलं. बाबांनी दुसरा घेतला, आणि थोड्या वेळाने तिसरा.