सुभेदारांना मास्तर पसंत पडेना

आमच्या ह्यांनी पोरीसाठी मास्तर बघायला सुरुवात केली, तेव्हा गावाला वाटलं, स्थळंच बघताहेत. तसंच होतं म्हणा. खोट काढल्याशिवाय हे माघारी यायचे नाहीत.

हे पलटणीच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचे. सुभेदार होऊन पेन्शनीवर कराडजवळच्या आमच्या गावी आले आणि उसाला पाणी पाजता पाजता विजयमालेला वाजवायला शिकवलं. तेही चालता चालता. बांधावरून पुढं हे 'डावा-उजवा' करणार, मागून पोरगी फुंकत येणार. मॅट्रिक झाली तरी तिला एका जागी बसून वाजवता येत नव्हतं. पण जीव सगळा त्या वाद्यात. कॉलेजात संगीतच घ्यायचं हा तिचा हट्ट, आणि मास्तर मी पारखणार ही यांची अट. त्यात नणंदबाईंनी मेढ्याचं स्थळ आणून ठेवलेलं. जूनअखेर कॉलेज ठरलं नाही, तर दिवाळीनंतर लग्न, असं घरात ठरून गेलं होतं.

साताऱ्याच्या सरांनी मांडी घालून असं काही वाजवलं, की माझे डोळे भरून आले. हे बाहेर येऊन म्हणाले, "बसून वाजवतोय. उद्या झोपून वाजवंल."

कराडचे सर उभं राहून वाजवायचे, पण डोळे मिटून.

"डोळं मिटल्यावर म्होरच्याला धडकनार न्हाई व्हय?"

"आवं, खोलीत म्होरं कोन हाय?" मी म्हणाले. पण सुभेदारांपुढं शहाणपण चालत नाही. पोरगी एस.टी.त खिडकीकडं तोंड करून रडली. मला यांचा लय राग आला. मास्तरांत काही खोट नव्हती. यांनाच गुरूची गादी सोडवत नव्हती.

शेवटी सांगली. तिथल्या कॉलेजातले आदगोंडा सर गाणं शिकवायचे. "मला क्लॅरोनेट वाजवता येत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

यांचा चेहरा खुलला. नापसंतीचं कारण आयतंच मिळालं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्याला सोताला पवता येत न्हाई, आनि पोरं हिरीत ढकलतोय."

सर म्हणाले, "आधी मुलीला तर वाजवू द्या."

खरंच की! तोवर पोरीला कुणी वाजव म्हटलंच नव्हतं. जो तो आपलंच ऐकवत होता, आणि आम्ही त्याचीच परीक्षा घेत होतो.

विजयमाला उभी राहिली. फुंकर मारली आणि पाय आपोआप उचलायला लागले. चार पावलं झाली की श्वास, पुन्हा चार पावलं, पुन्हा श्वास. नजर यांच्या बुटांवर; ते खुर्चीखाली ठेका धरून होतेच.

सरांच्या ध्यानात आलं. हसू दाबत म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुम्ही आणि बाईसाहेब जरा बाहेर थांबता का?"

आम्ही व्हरांड्यात. आत सरांनी गाण्याची एक लांब ओळ म्हटली. मग क्लॅरोनेट. पहिल्यांदा मध्येच तुटलं. दुसऱ्यांदाही तुटलं. हे म्हणाले, "बघ, सांगत नव्हतो?"

मग तो सूर निघाला. घाई नाही, धडपड नाही, वर गेला, तिथं थांबला आणि आपल्या मर्जीनं खाली आला. यांचा ठेका धरलेला पाय थांबला. मी खिडकीतून डोकावले. पोरगी स्टुलावर स्वस्थ बसली होती.

यांचे डोळे लाल झाले. आत जाऊन म्हणाले, "हे मी शिकवलेलं न्हाई."

सर म्हणाले, "मी तरी कुठं शिकवलं? आत्ताच तर आलीय ती."

हे पोरीकडं बघून म्हणाले,

"तेच म्हनतो मी. तिचं तिलाच गावलं. मग ऱ्हाऊ द्या तिला हितंच."