ताई, अभिनंदन!

दुकानात तो शिंपी होता आणि फोनमध्ये वैद्यराज. लोक एकमेकांना तब्येतीचे प्रश्न विचारतात अशा एका गटात तीन वर्षांपूर्वी तो 'मास्तर' या नावाने शिरला होता. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून त्याने ते नाव घेतलं. गटातल्यांना मात्र हा कुणी निवृत्त डॉक्टर असावा असं वाटू लागलं, आणि तो गैरसमज दूर करायची त्याला काही घाई नव्हती. टाच दुखते, उचकी थांबत नाही, जेवल्यावर झोप येते, जेवल्यावर झोप येत नाही, कशालाही त्याच्याकडे उत्तर तयार. अभ्यास विचाराल तर कात्रीपलीकडे काही नव्हता. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे त्यालाही कळत होतं. पण स्वतःचा खळखळाट कानाला गोड लागतो, त्याला तो तरी काय करणार?

त्या दिवशी सकाळी बायको एक करडा स्कर्ट घेऊन त्याच्या मशीनपाशी आली. दुकानाची काजं-बटणं, हूक, हातशिलाई ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून करायची.

"अहो, हा जरा कमरेत आत घ्या ना. चालताना घसरतोय."

"हं," तो म्हणाला. कुणा सद्गृहस्थाला ढेकर येत नव्हता आणि त्याला कोणत्या कुशीवर झोपवावं याचा खल चालू होता. "ठेव तिथे."

ढेकराचा निकाल लावून त्याने स्कर्ट ओढला आणि कमरपट्टी उसवली. आत दोन जुन्या टिपा होत्या. एक तपकिरी दोऱ्याची, दुसरी निळ्या दोऱ्याची, कारण तेव्हा तपकिरी रीळ संपलं होतं. दोन्ही त्याच्याच हातच्या. म्हणजे आजची तिसरी. त्याने मापाची वही काढली. पहिलं माप सव्वातीस. तिला बोलावून टेप लावली, तर साडेसव्वीस. सहा महिन्यांत पावणेचार इंच.

एखादं गिऱ्हाईक असं वाळत गेलं असतं तर त्याने कधीच विचारलं असतं, "काय बाई, बरं नाही का?" शेजारच्या न्हाव्याचा कोट अर्धा इंच घट्ट झाला तेव्हा त्याने त्याला चालण्याच्या व्यायामावर पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. आणि घरातलं माणूस डोळ्यांदेखत उतरत होतं, तर हा पठ्ठ्या टिपा मारत होता!

ती परत टेबलाशी जाऊन बसली. बाहेर गारठा होता, रस्त्यावरची माणसं अंग चोरून चालली होती आणि हिने खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली होती. सुईत दोरा ओवताना तिचा हात चुकला. परत चुकला. चौथ्या वेळी दोरा गेला. हे कधीपासून चाललंय? आठवायचा प्रयत्न केला तर गेल्या सहा महिन्यांतलं बायकोचं काहीच आठवेना. ढेकरवाले मात्र सगळे आठवले. हिला काही झालं तर, एवढंच तो मनात म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याच्याच्याने पुरं होईना.

शहाण्या माणसाने अशा वेळी उठून बायकोला विचारलं असतं. मध्ये चार पावलांचं अंतर होतं. आपला मास्तर शहाणा असता तर काय हवं होतं! त्याने फोन उचलला. पण सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या मास्तरांनी प्रश्न विचारायचा कसा? अब्रूचा सवाल. म्हणून त्याने 'एक गृहस्थ' असं नवं नाव घेतलं आणि लिहिलं, "ओळखीच्या एका बाईंची कंबर आपोआप उतरते आहे. हात थरथरतो, सारखं उकडतं. काय असेल?" सत्तावीस वर्षांचा संसार, आणि ओळखीच्या एका बाई.

उत्तरांचा पाऊस पडला. एकीने कोमट पाणी सांगितलं. एकाने गार पाणी सांगितलं. तिसऱ्याने दोघांनाही मूर्ख ठरवून पाणीच बंद करायला सांगितलं. एका काकांनी दृष्ट लागली असेल असं लिहिलं आणि सोबत स्वतःच्या गुडघ्याचा फोटो टाकला. हे वाचताना त्याला आपल्या गटाची पहिल्यांदाच भीती वाटली, कारण आजवर अशाच उत्तरांत सगळ्यांत वर तो असायचा. तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, "गृहस्थभाऊ, हाच प्रश्न चार महिन्यांपूर्वी येऊन गेलाय. आपल्या मास्तरांनी झकास उत्तर दिलं होतं. खाली बघा."

त्याने खाली बघितलं. कुणा 'सुईदोरा' नावाच्या बाईने विचारलं होतं, "दोन महिन्यांत स्कर्ट दोनदा आत घ्यावा लागला. कंबर सव्वातीस होती, अठ्ठावीस झाली. भूक वाढली आहे. हात थरथरतो, छातीत धडधडतं. काळजी करण्यासारखं आहे का?" आणि त्याखाली मास्तर: "ताई, अभिनंदन! लोक यासाठी घाम गाळतात, तुम्हाला घरबसल्या मिळालं. चैन तुमच्या शिंप्याची!" त्यावर दोनशे बारा जणांचे हसरे चेहरे. ते उत्तर लिहिताना आपणही हसलो होतो, हे त्याला चांगलं आठवत होतं.

सव्वातीस. त्याने परत वाचलं. सगळं जग अशा वेळी किलो सांगतं. ही बाई इंच सांगत होती, तेही पाव इंचासकट, कारण हिच्या घरात वजनकाटा नव्हता आणि टेपा तीन होत्या. त्याने वही उघडली. निळ्या टिपेच्या दिवशीचं माप होतं अठ्ठावीस. गिऱ्हाइकांची नावं तो विसरायचा, मापं कधी विसरत नसे. स्वतःच्या बायकोचं माप मात्र त्याने दोनशे बारा जणांत बसून हसण्यावारी नेलं होतं.

तो उठला. चार पावलं चालायला त्याला बराच वेळ लागला.

"चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"कुणाला काय झालं?"

"मला. पाठ धरलीय." खरं बोलायला तेवढं धैर्य लागतं, आणि ते त्याच्याकडे कापडाच्या चिंधीएवढंही नव्हतं.

तिने एकदा त्याच्याकडे, एकदा उसवलेल्या स्कर्टकडे पाहिलं आणि बटणांचा डबा बंद केला.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी पाठीचं विचारल्याबरोबर तो म्हणाला, "मला काही नाही. हिला बघा." बाईंनी तिला दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर कागदाचा एक पातळ ताव ठेवला. ताव थरथरत राहिला. नाडी मोजली, गळा चाचपला, पाणी गिळायला सांगितलं.

"थायरॉइड जास्त काम करतेय असं दिसतं. रक्त तपासून नक्की सांगते. यावर औषध आहे, घाबरू नका. पण ही धडधड अशी अंगावर काढायची नसते. किती महिने चाललंय हे?"

"सहा," तो म्हणाला. "स्कर्ट तीनदा आत घेतला. मीच घेतला."

"आणि सहा महिने कुणाला विचारलं नाही तुम्ही?" बाईंनी तिला विचारलं.

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "ह्यांना. ह्यांनी अभिनंदन केलं."

डॉक्टरीणबाई दोघांकडे आळीपाळीने बघू लागल्या. त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. जमीन दुभंगावी आणि आपण फोनसकट आत जावं असं त्याला वाटलं.

"तुला माहीत होतं मास्तर म्हणजे मी?"

"लिहिताना तुम्ही पुटपुटता. सगळं ऐकू येतं मला टेबलापर्यंत."

"मग घरीच का नाही विचारलंस?" त्याचा आवाज चिरकला. "मी समोर तर बसलेला असतो!"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"घरी तीनदा विचारलं. तुम्ही 'हं' म्हणालात. तिथे निदान ताई तरी म्हणालात."