एक्केचाळीस नंबरची सकाळ

एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालावर नुसता फेस होता, आणि तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला.

"डॉक्टर, पाळ्या लागेनात! उद्या कुठली बस कोण नेणार, काही कळायला मार्ग नाही. लवकर या!"

न्हाव्याला सवय होती. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "जा, उरलेला गाल संध्याकाळी बघू."

डॉक्टर हे काही औषधपाण्याचे डॉक्टर नव्हेत. ते बस डेपोच्या कॉम्प्युटर विभागात होते. कुठल्या ड्रायव्हरनं कुठली बस कधी न्यायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनी ऐन उमेदीत लिहिला होता. तो आजारी पडला की त्यांच्याशिवाय कुणाला बरा करता येत नसे, म्हणून हे नाव. रजा, विश्रांती, लांबचे मार्ग, बदली ड्रायव्हर, सगळं एकाच लांबलचक फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका सलग तुकड्यात, कोंबलेलं. इकडे ओढलं की तिकडे तुटायचं. ऑफिसात त्याला 'अजगर' म्हणत आणि त्याच्या वाटेला कुणी जात नसे.

डॉक्टर वरवर वैतागत, पण आपल्यावाचून डेपोचं पान हलत नाही, हे आतून त्यांना गोड लागे. बायको म्हणायची, "मला वाटलं होतं माणसाशी लग्न केलं. अजगर सवत म्हणून येईल, हे कुणी सांगितलं नव्हतं!"

त्या वर्षी विभागात एक नवी इंजिनिअर आली. दोन मुलांची आई, तोंडानं फटकळ. आल्या आठवड्यातच तिनं अजगर वाचायला घेतला.

"सर, हा मी फोडू का?"

"फोडू म्हणजे?"

"लहान लहान भाग करते. एका भागानं एकच काम करायचं. रजेचा वेगळा, विश्रांतीचा वेगळा. नाव वाचलं की आत काय आहे ते कळलं पाहिजे."

"चालतोय ना तो? मग कशाला हात लावता?"

"तो चालत नाही सर. तुम्ही त्याला चालवता."

डॉक्टरांना हे फार लागलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिला एकदा जेवायला आणा."

डेपोच्या साहेबांनी परवानगी दिली, पण पाळ्यांत काडीचा फरक पडता कामा नये या अटीवर. इंजिनिअरबाईंनी जुन्या महिन्यांच्या पाळ्या समोर ठेवल्या. एक तुकडा वेगळा काढायचा, प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा, जुन्या पाळ्यांशी ताडून पाहायचं. जुळलं तरच पुढे जायचं. डॉक्टर शेजारच्या टेबलावर पेपर वाचत बसत. पेपरचं पान काही उलटत नसे.

"सर, ही ओळ कसली? ड्रायव्हर नंबर एक्केचाळीसला सकाळची पाळी द्यायची नाही?"

डॉक्टरांनी पेपर खाली घेतला. "त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं आवरून, तिला भरवून मग यायचा. साहेबांना सांगायला लाजायचा, म्हणून मीच आपली एक ओळ टाकून दिली."

"चांगलं केलंत. आता कुठे असतो तो?"

"तो? कधीच निवृत्त झाला."

इंजिनिअरबाईंनी ड्रायव्हरांची यादी उघडली. ड्रायव्हर गेला होता, पण नंबर? नंबर दुसऱ्याला मिळाला होता. त्याला बोलावणं गेलं. आडदांड, झुपकेदार मिशांचा गडी दारात उभा राहिला. सगळं ऐकल्यावर त्यानं कपाळावर हात मारला.

"असं होय! आणि मी समजतोय, साहेबांनी माझ्यावर डूख धरलाय. भेटले की वाकून नमस्कार करतोय इतकी वर्षं! संध्याकाळी पोरांबरोबर जेवायचं म्हणजे काय, विसरलो की हो मी."

"मग बोलला का नाहीत?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

"बोलून आणखी रात्रपाळ्या ओढवून घेऊ?"

हसता हसता डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यावर मात्र त्यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"त्या ओळीचाही वेगळा भाग कर. नाव दे 'घरची अडचण'. ज्याला असेल त्याची तिथं नोंद होऊ दे. अडचण सुटली की काढून टाकायची."

'अहो बाई'ची 'तू' झाली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून डॉक्टर प्रत्येक ओळीची कुळकथा सांगू लागले आणि ती तुकडे करून त्यांना नावं देऊ लागली. शेवटचा तुकडा सुटा झाला तेव्हाही पाळ्या जुन्याशी तंतोतंत जुळल्या. एक्केचाळीस नंबरची सोडून. त्याला सकाळ मिळाली होती, तीही साहेबांच्या सहीनं.

मग बायकोनं डॉक्टरांना समुद्रावर नेलं. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनीच फोन लावला.

"सगळं मजेत, सर. काल विश्रांतीचा नियम बदलला. त्या भागातल्या दोन ओळी बदलल्या, झालं."

"तू बदलल्यास?"

"मी कुठली! धाकटा तापला होता, मी घरीच होते. पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमनी बदलल्या."

"काय म्हणतात?" बायकोनं पाण्यातून ओरडून विचारलं.

"काही नाही. चालतंय!"

त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले.

"अगंबाई, किती पांढरे हो पाय तुमचे!"

"कायम टेबलाखाली ना," डॉक्टर म्हणाले, आणि हसले, पण नेहमीपेक्षा जरा उशिरानं.

लाट मागे फिरली की तळव्यांखालची वाळू थोडी थोडी सरकायची. त्यांनी बायकोचा हात धरला आणि पाय रोवून ते पुढच्या लाटेकडे बघत उभे राहिले.